कूलरचा खर्ज टिपणारे यंत्र : झूम एच१एन, तीन उन्हाळ्यांच्या वापरानंतर

नागपुरात एप्रिलपासून पाऊस येईस्तोवर घरात जो आवाज अखंड चालू असतो, त्याला आपण आवाज म्हणून मोजतच नाही. खिडकीला लावलेला कूलर सुरू झाला की पहिली पाच मिनिटे तो ऐकू येतो, मग कानांतून नाहीसा होतो आणि रात्री वीज गेली की तो थांबल्यामुळे जाग येते. या आवाजावर मला बारा मिनिटांची एक रचना आणि तिच्यासोबत दाखवायची एक चित्रफीत करायची होती. त्यासाठी तीन उन्हाळ्यांपूर्वी मी झूम या जपानी कंपनीचा एच१एन हा हातात मावणारा रेकॉर्डर घेतला. मुलाखती, व्याख्याने किंवा गाण्याची तालीम टिपण्यासाठी तो कसा आहे यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. रोजच्या जगण्यातले, कोणी संगीत न मानलेले आवाज गोळा करून त्यांतून संगीत घडवू पाहणाऱ्याला तो किती उपयोगी पडतो, एवढ्याच दृष्टीने हे परीक्षण लिहीत आहे.

खिशात फोन असताना वेगळा रेकॉर्डर कशाला, हा प्रश्न मला घरातही विचारला गेला आणि तो रास्त होता. मी सुरुवात फोननेच केली होती. कूलरपासून दोन हातांवर फोन ठेवून पाच मिनिटे मुद्रण केले. ऐकताना पहिल्या क्षणी मोटारीचा घोष भरदार येत होता, पण लगेच तो मागे सरत गेला आणि शेवटी पाण्याचा पातळ, बुडबुड्यांसारखा विकृत आवाज तेवढा उरला. बहुतेक फोनमधील ध्वनिमुद्रण माणसाचे बोलणे स्पष्ट यावे या हेतूने रचलेले असते. जो आवाज न बदलता सतत चालू राहतो त्याला फोन गोंगाट समजतो आणि गाळू लागतो. शिवाय शांततेत पातळी आपोआप चढवतो आणि मोठा आवाज आला की उतरवतो. पंखा, मोटार, पिठाची गिरणी, पत्र्यावरचा पाऊस, लांबची रहदारी हे सगळे या हिशेबात गोंगाट ठरतात. माझ्या रचनेचा सगळा ऐवज नेमका तोच असल्यामुळे, जे कानावर पडते ते जसेच्या तसे लिहून ठेवणारे आणि स्वतःचे मत मध्ये न घालणारे यंत्र मला हवे होते.

एच१एन २०१८ साली बाजारात आला. त्याआधीच्या, २०१०च्या एच१ या रेकॉर्डरची ती सुधारलेली आवृत्ती आहे. सेलशिवाय वजन सुमारे ६० ग्रॅम, दोन ट्रिपल-ए सेलवर कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे १० तासांपर्यंत मुद्रण, ३२ जीबीपर्यंतचे मायक्रोएसडी कार्ड, आणि २४ बिट, ९६ किलोहर्ट्झपर्यंतची वेव्ह फाइल एवढा त्याचा पसारा. ४८ किलोहर्ट्झवर तासाला साधारण एक जीबी जागा लागते, म्हणजे एका कार्डावर तीसेक तासांचा उन्हाळा मावतो. टोकाला पिंजऱ्याखाली दोन माईक ९० अंशांच्या कोनात एकमेकांवर आडवे बसवलेले आहेत, समोर एक ते दहा आकड्यांची गेनची, म्हणजे आवाज किती वाढवून घ्यायचा ते ठरवणारी, चकती आहे आणि बाकीची कामे साध्या बटणांवर होतात. मेनूत शोधत बसावे लागत नाही. अंधारात, गॅलरीत उभे राहून, डोळे न लावता हे यंत्र चालवता येते, आणि आवाज अचानक येतो व जातो अशा कामात या गोष्टीला मोल आहे. मुद्रणाचे बटण दाबण्यापूर्वीचे दोन सेकंदही टिपून ठेवण्याची एक सोय त्यात आहे. कुकरच्या शिट्टीआधी झाकणाची जी बारीक थरथर होते, ती मला या सोयीमुळेच मिळाली, कारण शिट्टी कधी होईल हे स्वयंपाकघरात उभे राहूनही नेमके सांगता येत नाही.

कूलरचा जो भाग आपण घोष म्हणून ऐकतो त्याच्या मुळाशी वीज आहे. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. मोटारीतील चुंबकीय ओढ प्रत्येक आवर्तनात दोनदा शिगेला पोहोचत असल्यामुळे तिच्या गुणगुणण्याचा मुख्य स्वर १०० हर्ट्झवर बसतो. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचे तर खालच्या सप्तकातील पांढरी पाचच्या किंचित वरचा हा सूर आहे. जिथे वीज ६० हर्ट्झची आहे त्या अमेरिकेत हाच सूर १२० हर्ट्झवर, म्हणजे काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मध्ये कुठेतरी पडतो. ग्रिडची वारंवारता सगळीकडे एकच असल्याने महाल वस्तीतला कूलर, धरमपेठेतला कूलर आणि रोहित्राची गुणगुण एकाच षड्जावर लागलेली असते. पंख्याच्या पात्यांचा आणि बेअरिंगचा स्वर मात्र प्रत्येक कूलरचा वेगळा असतो. हे कळल्यापासून भर दुपारी गल्लीतून चालताना मला तंबोरे लावून ठेवलेल्या दालनातून चालल्यासारखे वाटते. पंप नुकता सुरू झाला की गवतावरून पाणी उतरते तो भाग वेगळा, आणि टाकीतले पाणी संपत आले की पंप हवा ओढू लागतो तो कोरडा, घोगरा भाग वेगळा. त्या घोगऱ्या आवाजावर घरातले कोणीतरी हातातले काम टाकून बादली घेऊन उठते. माझी रचना या दोन आवाजांच्या मध्ये घडते.

एच१एनमध्ये खालचे स्वर कापणारी गाळणी आहे. वाऱ्याची घरघर आणि रस्त्याची गडगड कमी व्हावी म्हणून ती लावून ठेवा, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. ती शंभर हर्ट्झच्या वर लावली की कूलरचा षड्जच पातळ होतो. मुलाखतीसाठी योग्य असलेली ही खबरदारी या कामात उलटी पडते, तेव्हा यंत्र हातात आल्याबरोबर बटणे दाबून गाळणी, आपोआप पातळी ठरवणारी सोय आणि मोठा आवाज दाबणारा लिमिटर ही तिन्ही बंद करावीत आणि पुढची जबाबदारी आपल्या कानांवर घ्यावी.

बाहेरचा माईक जोडायला साडेतीन मिलिमीटरची खाच आहे. बर्डीच्या बाजारातील इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानात पिझोची, म्हणजे थरथरीचे विजेत रूपांतर करणारी, पितळी चकती अगदी स्वस्तात मिळते. तिला दोन तारा डाखून ती कूलरच्या पत्र्याला चिकटपट्टीने लावली आणि खाचेत जोडली, की हवेतून येणारा आवाज बाजूला राहतो आणि पत्रा आतून काय ऐकतो ते ऐकू येते. इथे एक तांत्रिक अडचण आहे. पिझोला फार मोठ्या रोधाची खाच लागते, आणि अशा रेकॉर्डरची माईकची खाच तशी नसल्याने खालचे स्वर गळतात व आवाज टिनपाट होतो. मध्ये एक छोटा प्री-अँप लावला की ही उणीव भरून निघते. मी पहिल्या वर्षी तो लावला नव्हता, आणि त्या वेळचे पत्र्याचे तीक्ष्ण आवाज पुढे रचनेच्या मध्यभागी मला तसेच हवेसे वाटले.

या मुद्रणाच्या वेळी कूलर दुरुस्त करणारे एक गृहस्थ घरी आले होते. मी हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवला. त्यांनी दहा-बारा सेकंद ऐकले आणि म्हणाले, “सर, बेअरिंग जात आहे. आता बदलवून टाका, नाहीतर मे महिन्यात मोटार जळते.” त्यांचे म्हणणे खरे निघाले. आवाजातून त्याचे कारण ओळखणारे असे कान घडायला वर्षे लागतात. आपल्याकडे गिरणीवाला, शिवणयंत्र दुरुस्त करणारा, इंजिनाला कान लावणारा मिस्त्री यांच्याकडे ते असतात, आणि त्यांच्या या विद्येला आपण ऐकणे म्हणत नाही याचे मला वाईट वाटते.

या प्रकारच्या संगीताची सुरुवात याच्या नेमक्या उलट टोकाहून झाली. फ्रेंच नभोवाणीतील अभियंता पिएर शेफेर यांनी १९४८ साली पॅरिसच्या बातिन्योल स्थानकावर आगगाड्यांचे आवाज टिपले आणि ग्रामोफोनच्या तबकड्यांवर त्यांची जुळणी करून एक रचना नभोवाणीवरून ऐकवली. तबकडीची खाच स्वतःशीच मिटवून एकच तुकडा फिरत ठेवणे ही त्यांची युक्ती होती. तुकडा पुनःपुन्हा ऐकला की त्यातली गाडी विरते आणि नुसती लय, जाडी, पोत उरतो असे त्यांना आढळले, आणि आवाजाचे कारण विसरून आवाज ऐकणे हा त्यांच्या विचाराचा पाया झाला. त्याच्या चार वर्षे आधी कैरोमध्ये हलीम अल-दभ यांनी तारेवर मुद्रण करणाऱ्या यंत्राने एका विधीतील गायन टिपून त्यावर असेच प्रयोग केले होते. भारतात १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर आला आणि तिथे भारतीय कलावंतांनी इलेक्ट्रॉनिक रचना केल्या. हे वेड परक्यांचे आणि आपल्याला नवे आहे असे समजायचे कारण नाही. मला स्वतःला मिस्त्रींचे ऐकणे आणि शेफेरांचे ऐकणे यांत निवड करावीशी वाटत नाही. रचना ऐकताना एका क्षणी कूलर ओळखू यावा आणि दुसऱ्या क्षणी तो विसरला जावा, एवढीच माझी धडपड आहे.

आगगाडीचा विषय निघाला की नागपूरकराला डायमंड क्रॉसिंग आठवतेच. हावडा–मुंबई आणि दिल्ली–चेन्नई हे मार्ग आपल्या शहरात भेटतात, आणि स्थानकाजवळ रूळ रुळांना आडवे छेदतात ती जागा प्रसिद्ध आहे. छेदाच्या ठिकाणी रुळात खंड असल्याने प्रत्येक चाक तिथे आदळते. रेल्वेच्या हद्दीत न शिरता, रस्त्याच्या कडेने मी तिथे चार संध्याकाळी मुद्रण केले. दर डब्याखाली दोन बोगी (इथे बोगी म्हणजे डबा नव्हे, चाकांचा सांगाडा) आणि दर बोगीला दोन आस, म्हणून डब्यामागे चार ठोके. परंतु एका डब्याची मागची बोगी आणि पुढच्या डब्याची पुढची बोगी जवळजवळ असल्याने कान त्या चार ठोक्यांचा एक गट करतो, जो खरे तर दोन डब्यांत अर्धा-अर्धा वाटलेला असतो. मालगाडीत हे अंतर बदलते आणि तालही बदलतो. गाडी स्थानकाकडे येताना वेग कमी होत जातो, तेव्हा तीच मात्रा विलंबित होत जाते. एच१एनचे दोन माईक इथे फार चांगले काम करतात. ते जवळजवळ एकाच बिंदूवर असल्याने आवाज दोघांपर्यंत एकाच वेळी पोहोचतो, त्यामुळे डावीकडून उजवीकडे जाणारी गाडी हेडफोनमध्ये रेघ ओढल्यासारखी सरळ जाते आणि दोन्ही बाजू एकत्र केल्या तरी आवाज पोकळ होत नाही. कोन मात्र कायमचा ठरलेला आहे, तो रुंद करता येत नाही. विस्तीर्ण जागेचा भास हवा असेल तर हे यंत्र तो देणार नाही.

या यंत्राने मला शिकवलेली मुख्य गोष्ट म्हणजे आवाजाजवळ जाणे. या आकाराच्या सगळ्याच रेकॉर्डरांत माईक आणि त्यांच्यामागचे मंडल लहान असते, त्यामुळे गेन वर चढवला की यंत्राची स्वतःची बारीक सूं ऐकू येऊ लागते. बर्डीवर, कॉटन मार्केटात किंवा कूलरपाशी तिचा प्रश्न येत नाही. पहाटे साडेचारला अंबाझरी तलावाच्या काठावर, पहिला पक्षी बोलण्यापूर्वीची शांतता टिपायची असेल तर मात्र ती आड येते. त्यासाठी कमी स्व-गोंगाटाचे, अधिक महाग माईक लागतात. मी तो नाद सोडला आणि त्याऐवजी यंत्र आवाजापासून वीतभर अंतरावर नेऊ लागलो: तर्री-पोह्याच्या गाडीवर पातेल्यात फिरणारा झारा, माठाच्या तळाशी लागलेला वाटीचा काठ, वाळ्याच्या ताटीवर पहिल्यांदा पाणी शिंपडताना होणारी चरचर. एवढ्या जवळून हे आवाज स्वच्छ आणि भरीव येतात, आणि मोठ्या स्पीकरवर ते माणसापेक्षा मोठे होतात.

हातात धरून मुद्रण करू नये. अशा हलक्या प्लॅस्टिकच्या घडणीत बोटांची हालचाल आत शिरते. पाठीमागे तिवईचा आटा आहे, तो वापरावा, आणि तिवईखाली घडी घातलेली गोधडी ठेवावी, म्हणजे फरशीतून येणारी मोटारीची थरथर तुटते. वाऱ्यासाठी केसाळ टोपी वेगळी घ्यावी लागते. मे महिन्यातल्या गरम वाऱ्यात साधा स्पंज अपुरा पडतो. मी कापडाच्या दुकानातून लांब केसांच्या नकली फरचा तुकडा आणून टोपी शिवली आणि ती तीन वर्षे टिकली आहे.

मारबतीच्या, म्हणजे पुतळ्यांच्या मिरवणुकीच्या, दिवशी माझी मोठी चूक झाली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी १८८१ पासून निघणारी काळी आणि १८८५ पासून निघणारी पिवळी मारबत पाहायला इतवारी-महालात जी गर्दी लोटते, तिच्या मधोमध “ईडा पिडा घेऊन जा गे मारबत” ही आरोळी शंभर तोंडांतून एकदम उठते. ती मला हवी होती. सकाळी गल्लीत मोकळा आवाज टिपताना गेन सातवर होता आणि मिरवणूक वळणावर आली तेव्हा मी तो उतरवायला विसरलो. यंत्राचे माईक १२० डेसिबलपर्यंतचा आवाज झेलू शकतात, परंतु गेन चुकला की माईक शाबूत असूनही फाइलमध्ये आवाज फाटतो. पातळीने कमाल मर्यादा ओलांडली की लहरीचे शेंडे सपाट कापले जातात, आणि कापलेला भाग नंतर कोणत्याही उपायाने परत येत नाही. त्या वर्षीची आरोळी माझ्याकडे फाटलेल्या अवस्थेत आहे. पुढल्या वर्षी गेन दोनवर ठेवून मी ती पुन्हा टिपली, परंतु लोक वेगळे होते आणि आरोळीही वेगळी होती.

२०२४ साली आलेल्या एच१ इसेन्शियल या नव्या रेकॉर्डरमध्ये ३२ बिट फ्लोट पद्धत आहे आणि गेनची चकतीच नाही. लहान-मोठे सगळे आवाज एकाच फाइलमध्ये मावतात आणि पातळी मागाहून ठरवता येते. माईकची स्वतःची मर्यादा तिथेही राहतेच, तरी माझ्यासारखी चूक त्यात होणार नाही. दृष्टिहीन वापरकर्त्यांसाठी बोलून मार्गदर्शन करण्याची सोयही त्यात आहे, आणि ध्वनीच्या कामात ती फार आधी यायला हवी होती. मिरवणुका, ढोल-ताशे, फटाके टिपायचे असतील तर नवाच घ्यावा. तरीही मी एच१एन बदलणार नाही. मुद्रण सुरू करण्यापूर्वी चकतीवर बोट ठेवून आवाज किती मोठा होईल याचा अंदाज बांधावा लागतो आणि त्यासाठी आधी दोन मिनिटे नुसते ऐकावे लागते. ती दोन मिनिटे मला हवी असतात.

चित्रफितीसाठी कॅमेऱ्याचा आवाज मी फक्त जुळणीपुरता वापरतो. रेकॉर्डर आणि कॅमेरा यांची घड्याळे वेगवेगळी असल्याने लांब मुद्रणात दोघांत हळूहळू अंतर पडते. म्हणून सुरुवातीला आणि शेवटी अशी दोन्ही टोकांना एकेक टाळी वाजवावी. घरातल्या दिव्याखाली चित्रण करताना शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवावे, नाहीतर विजेची तीच लय पडद्यावर लुकलुकताना दिसते. माझ्या चित्रफितीत कूलरच्या गवतावरून उतरणारे पाणी अगदी जवळून, चौपट संथ केलेले आहे. आवाजही तेवढाच संथ करून पाहिला. ९६ किलोहर्ट्झवर टिपलेला आवाज संथ केला तरी त्याचा पोत टिकतो, हा या यंत्राचा मोठा गुण आहे. परंतु १०० हर्ट्झचा घोष चौपट संथ केला की २५ हर्ट्झवर येतो, आणि लॅपटॉपच्या लहान स्पीकरांतून तो निघतच नाही. पाहणाऱ्यांना पाणी दिसते आणि आवाज नाहीसा झालेला असतो. शेवटी आवाज निम्म्याच वेगावर ठेवला आणि ऐकवण्यासाठी एका मित्राच्या घरचे मोठे स्पीकर वापरले. जुळणी ऑडॅसिटी या मोफत प्रणालीवर केली आणि त्यात काही अडले नाही.

आता हा रेकॉर्डर मी गोळीबार चौकाच्या परिसरातील एका हातमागापाशी नेत आहे. पावडी दाबल्याचा जड आवाज, धोटा एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातानाची सरसर आणि फणीचा ठोका, असे तीन आवाज एकमेकांत अडकलेले आहेत. ते सुटे ऐकायला मिळावेत म्हणून यंत्र धोट्याच्या वाटेशेजारी, वीतभर अंतरावर, खालच्या बाजूने लावून पाहिले, तेव्हा गेन तीनवर पुरेसा झाला. विणकर काका म्हणाले की दुपारी सूत कोरडे होते आणि तुटते, तेव्हा पावसाळ्यात या, मागाचा आवाज तेव्हा मऊ असतो.